आधी ऐकणारे मोजा

डिजिटल मिक्सरवरच्या ऑक्झिलरी आणि मॅट्रिक्स बसची ओळख

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



नाट्यगृहात, मंदिराच्या सभामंडपात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात गाण्याचा कार्यक्रम असला, की मागच्या बाजूला एक टेबल मांडलेलं दिसतं. त्यावर बटणांचं आणि वरखाली सरकणाऱ्या दांड्यांचं एक मोठं यंत्र असतं आणि त्यामागे एक माणूस. कार्यक्रम रंगला तर कौतुक गायकाचं होतं. शिटी वाजली, की सगळ्या माना मात्र या माणसाकडे वळतात. त्या यंत्राला मिक्सर म्हणतात आणि त्या सरकत्या दांड्यांना फेडर.

गेल्या वीसेक वर्षांत हे मिक्सर डिजिटल झाले. यामाहाचा एलएस९ हा मिक्सर २००६ साली आला, बेहरिंगरचा एक्स३२ हा २०१२ साली. त्यानंतर अशी यंत्रं मोठ्या शहरांपुरती राहिली नाहीत, तालुक्याच्या गावच्या साउंडवाल्यांकडेही दिसू लागली. एक्स३२वर १६ मिक्स बस आणि ६ मॅट्रिक्स आहेत, एलएस९वर १६ मिक्स बस आणि ८ मॅट्रिक्स. पण यांतल्या दोन-तीनच वाटा वापरायच्या आणि बाकीच्या तशाच सोडून द्यायच्या, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. का? तर या वाटा कशासाठी दिल्या आहेत, हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. आज आपण तेवढंच पाहणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. मिक्सर समोर आला, की आपण आधी माइक मोजतो. गायिकेचा एक, पेटीचा एक, तबल्याचे दोन. हे हवंच. पण त्याच कागदावर दुसरी एक यादी हवी : ऐकणारे किती आणि त्यांतल्या कुणाला काय ऐकायचं आहे? माइकच्या यादीवरून चॅनेल ठरतात, ऐकणाऱ्यांच्या यादीवरून बस ठरतात.

आता ‘बस’ म्हणजे काय? आपल्या एसटीची बस आणि ही बस या दोघींचं मूळ एकच आहे. ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’. विजेच्या पॅनलमध्ये तांब्याची एक जाड पट्टी असते, अनेक तारा तिला येऊन मिळतात. तिला बसबार म्हणतात. जुन्या मिक्सरमध्येही अशीच एक सामाईक तार असे. सगळ्या चॅनेलांचा आवाज तिच्यावर गोळा व्हायचा आणि पुढे एकत्र बाहेर पडायचा. डिजिटल मिक्सरमध्ये तार गेली आणि तिच्या जागी आकड्यांची बेरीज आली. कल्पना मात्र तीच राहिली. अनेक आवाज ज्या ठिकाणी एकत्र होऊन एका वाटेनं निघतात, ती बस. सभागृहाच्या मुख्य स्पीकरना जाणारी जी वाट, ती मुख्य बस.

पाटाच्या दाराआधी आणि दारानंतर

उदाहरणाला एक कार्यक्रम घेऊ. अभंगगायनाचा. बाल्कनी असलेलं मध्यम आकाराचं नाट्यगृह आहे. मंचावर मुख्य गायिका, पेटी, तबला, पखवाज, टाळ, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मागे स्वरसाथ करणारी एक शिष्या आणि कडेला निवेदक. तबला आणि पखवाज यांना दोन-दोन माइक धरले, तर सगळे मिळून दहा चॅनेल होतात.

आता ऐकणारे मोजू. सभागृहातले श्रोते, बाल्कनीतले श्रोते, स्वतः गायिका, पेटीवादक, तबला आणि पखवाजवाले, रंगपटात आपल्या प्रवेशाची वाट पाहणारे लोक, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करणारा आणि श्रवणयंत्र लावून बसलेले ज्येष्ठ श्रोते. आठ जण झाले. या आठांना एकच मिश्रण पाठवलं, तर त्यांतले सहा-सात नाराज होणार.

गायिकेचंच पाहा. मुख्य स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून असतात. मंचावर बसलेल्या गायिकेला त्यांचा भिंतीवरून परतलेला, उशिरा आलेला आवाज ऐकू येतो. त्यावर सूर कसा लावायचा? म्हणून तिच्यापुढे एक लहान स्पीकर तिच्याकडे तोंड करून ठेवतात. त्याला मॉनिटर म्हणतात. तिला त्यात स्वतःचा गळा, तानपुरा आणि थोडी पेटी हवी असते. तबलावादकाला गाणं आणि पेटी हवी असते, स्वतःचा तबला त्याच्या मांडीपुढेच असतो. या दोघांच्या वाटा वेगळ्या ठेवण्यासाठी ऑक्झिलरी बस असते. साउंडवाले तिला नुसतं ‘ऑक्स’ म्हणतात. प्रत्येक चॅनेलमधून या बसकडे किती आवाज सोडायचा, हे मुख्य फेडरहून स्वतंत्रपणे ठरवता येतं.

पण खरी मेख पुढे आहे. चॅनेलमधून ऑक्सकडे जाणारी वाट कुठून फुटते? फेडरच्या आधी, की नंतर?

शेताला पाणी देणाऱ्याला हे चटकन कळेल. पाटाला एक दार असतं. दाराच्या वरच्या अंगाला चारी फोडली, तर दार उघडा नाहीतर बंद करा, चारीला पाणी येतच राहतं. दाराच्या खालच्या अंगाला फोडली, तर दार बंद होताच चारीही कोरडी पडते. फेडर हे ते दार. फेडरआधी फुटणाऱ्या वाटेला प्री-फेडर म्हणतात, नंतर फुटणाऱ्या वाटेला पोस्ट-फेडर.

कुणाला काय द्यायचं, हे एका प्रश्नानं ठरतं. मी सभागृहासाठी फेडर हलवला, तर या ऐकणाऱ्याला तो बदल कळायला हवा का?

गायिकेच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं आहे. सभागृहात आवाज जास्त वाटला म्हणून मी तिचा फेडर जरा खाली घेतला, तर तिच्या मॉनिटरमधून तिचा गळा कमी होता कामा नये. तो कमी झाला, तर ती जोर लावून गाऊ लागते. मग सभागृहात आवाज पुन्हा वाढतो, मी फेडर आणखी खाली ओढतो आणि दोघांची रस्सीखेच सुरू होते. दोष कुणाचाच नसतो, फक्त चारी दाराच्या चुकीच्या बाजूला फोडलेली असते. म्हणून मॉनिटर प्री-फेडरच ठेवायचे.

घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, याचं उलट आहे. गायिकेच्या आवाजाला थोडा घुमारा देण्यासाठी तिचा आवाज एका ऑक्समधून रिव्हर्बकडे पाठवतात आणि तिथून तो मुख्य बसमध्ये परत येतो. ही वाट प्री-फेडर ठेवली, तर गायिकेचा फेडर खाली घेतल्यावर मूळ आवाज जातो आणि घुमारा मागे राहतो. दूरच्या विहिरीतून कुणी गातंय असं वाटतं. म्हणून रिव्हर्बची वाट पोस्ट-फेडर.

इथे एक बारकावा सांगतो. बहुतेक डिजिटल मिक्सरवर चॅनेल म्यूट केलं, की प्री-फेडर वाटाही बंद होतात. फेडर नुसता खाली ओढला तर त्या चालू राहतात. निवेदकाचं बोलणं संपल्यावर त्याचा फेडर नुसता खाली घेतला, तर विंगेत गेल्यावरची त्याची कुजबुज मॉनिटरमधून गायिकेच्या कानावर पडू शकते. तेव्हा तिथे म्यूट वापरावं, आणि आपल्या यंत्रावर ते नेमकं कसं वागतं, हे कार्यक्रमाआधी तपासून ठेवावं.

मॅट्रिक्स : मिश्रणांचं मिश्रण

आता मॅट्रिक्सकडे येऊ. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. ऑक्समध्ये आपण चॅनेल मिसळतो : इतका गळा, इतकी पेटी. मॅट्रिक्समध्ये आपण तयार मिश्रणं मिसळतो : इतकी मुख्य बस, इतका हा गट, इतका तो गट. स्वयंपाकघरात बोलायचं, तर ऑक्स म्हणजे भाजी आणि आमटी शिजवणं आणि मॅट्रिक्स म्हणजे ताट वाढणं. आजोबांच्या ताटात आमटी जास्त आणि भाजी कमी वाढायची, तर आमटी पुन्हा करावी लागत नाही.

हे ताट वाढता यावं, म्हणून आधी गट करायचे. आपल्या कार्यक्रमात तीन गट पुरतात : गायिका आणि शिष्या मिळून ‘गाणं’, सगळी वाद्यं मिळून ‘साथ’ आणि निवेदकाचं ‘निवेदन’. डिजिटल मिक्सरवर मिक्स बसलाच गटाचं काम नेमून देता येतं. मात्र चॅनेल गटात घातलं, की त्याची मुख्य बसकडे थेट जाणारी वाट बंद करायची आणि गट मुख्य बसकडे न्यायचा. हे विसरलं, तर तोच आवाज दोन वाटांनी मुख्य बसमध्ये पोहोचतो आणि विनाकारण वाढतो.

आणखी एक सावधगिरी. याच मिक्सरवर डीसीए नावाचा फेडर असतो. एका बोटानं तो अनेक चॅनेल वरखाली करतो, म्हणून तोही गटच वाटतो. पण त्यातून आवाज जात नाही, तो फक्त लगाम आहे. मॅट्रिक्सला आवाज हवा असतो, म्हणून तिथे खरा, बसचा गटच लागतो.

आता तीन ताटं वाढू.

पहिलं बाल्कनीचं. बाल्कनीच्या श्रोत्यांना मुख्य बसच हवी असते, फक्त थोडी उशिरा. इलेक्ट्रॉनिक मार्गानं आवाज बाल्कनीतल्या स्पीकरपर्यंत जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो, हवेतून मात्र तो चालत येतो. आपल्याकडच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर धरा. मुख्य स्पीकरपासून बाल्कनीचा स्पीकर २० मीटरवर असेल, तर हवेतून यायला सुमारे ५८ मिलिसेकंद लागतात. तेवढा उशीर त्या वाटेवर घातला नाही, तर श्रोत्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकल्यासारखा होतो. यावर आणखी १० ते १५ मिलिसेकंद वाढवले, तर अजून एक फायदा होतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिलं, की थोड्या अंतरानं तोच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर कान तो एकच मानतो आणि आधी जिथून आला तीच त्याची दिशा धरतो. म्हणजे जवळचा स्पीकर वाजत असूनही बाल्कनीतल्या श्रोत्याला गाणं मंचावरून आल्यासारखं वाटतं. बाल्कनीची मॅट्रिक्स मुख्य बसच्या फेडरनंतर घ्यावी, म्हणजे सभागृहाचा आवाज वाढवला की बाल्कनीचाही आपोआप वाढतो.

दुसरं ताट रंगपटाचं. तिथे संगीताचा आनंद हा हेतू नाही. आपली पाळी कधी येते, हे कळायला हवं. म्हणून निवेदनाचा गट पुरेसा मोठा ठेवायचा, गाणं बेतानं आणि साथ अगदी थोडी.

तिसरं ताट सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक ठिकाणी वाढायचं राहून जातं. ते म्हणजे श्रवणयंत्र लावणाऱ्यांचं. पुष्कळ श्रवणयंत्रांत टेलिकॉइल नावाचं एक छोटं वेटोळं असतं. सभागृहाच्या जमिनीलगत वायरचा एक फेरा टाकून तिला स्वतंत्र अँप्लिफायर जोडला, की त्या वायरीचं चुंबकीय क्षेत्र हे वेटोळं पकडतं आणि मंचावरचा आवाज थेट कानात पोहोचतो. मधली खोकल्याची, खुर्च्यांची, पंख्यांची खळखळ गाळली जाते. याला इंडक्शन लूप म्हणतात.

पण लूप टाकला, तरी त्यात मुख्य बस जशीच्या तशी सोडली, तर अर्धंच काम होतं. ऐकू कमी येणाऱ्याची तक्रार नुसती ‘आवाज लहान आहे’ एवढीच नसते. ‘शब्द कळत नाहीत’ ही त्याची खरी तक्रार असते. घुमारा आणि वाद्यांची गर्दी यांत शब्द बुडतात. म्हणून लूपची मॅट्रिक्स गटांमधून भरायची : निवेदन पूर्ण, गाणं पूर्ण, साथ बरीच खाली. यात एक सोय आपोआप होते. रिव्हर्ब परत येतो तो मुख्य बसमध्ये, गटांमध्ये नाही. त्यामुळे गटांतून भरलेलं हे ताट आपसूक कोरडं राहतं, शब्द स्वच्छ येतात. मात्र याच मॅट्रिक्समध्ये मुख्य बसही मिसळू नये, नाहीतर घुमारा आणि वाद्यं मागच्या दारानं आत येतात. ज्यांनी आयुष्यभर अभंग ऐकले आणि आता ‘काही कळत नाही’ म्हणून कार्यक्रमांना जाणं सोडलं, त्यांच्यासाठी मिक्सरवर एवढंच करायचं असतं. वायर आणि अँप्लिफायरचा खर्च सभागृहानं एकदा करायचा. पुढचं काम दहा मिनिटांचं.

राहिला रेकॉर्डिंगवाला. त्याला मुख्य बसची नक्कल द्यायची आणि मोकळं व्हायचं, हा सोपा मार्ग वाटतो. पण लहान-मध्यम सभागृहात पखवाजाचा आणि टाळांचा आवाज मंचावरूनच श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. स्पीकरमधून तो थोडाच द्यावा लागतो. रेकॉर्डिंगच्या यंत्राला मात्र फक्त वायरीतून येतं तेवढंच कळतं. घरी जाऊन ऐकावं तर गळा मोठा आणि पखवाज गायब. म्हणून रेकॉर्डिंगला स्वतःची एक ऑक्स द्यावी. ती पोस्ट-फेडर असावी, म्हणजे कार्यक्रमातले चढउतार तीत उतरतील, आणि वाद्यांचे सेंड तीत जरा जास्त असावेत. सेंड म्हणजे त्या बसकडे सोडलेला आवाज. मॅट्रिक्सनं हे काम साधत नाही, कारण एकदा मिसळलेल्या साथीतून नुसता पखवाज वेगळा वर काढता येत नाही.

हिशेब करू. तीन मॉनिटर, एक रिव्हर्ब, एक रेकॉर्डिंग आणि तीन गट मिळून आठ मिक्स बस. बाल्कनी, रंगपट आणि लूप मिळून तीन मॅट्रिक्स. आठ प्रकारचे ऐकणारे सांभाळूनही निम्मं यंत्र मोकळं राहिलं.

मांडणीचा क्रम

शेवटी, प्रत्यक्ष मांडणी करताना कोणता क्रम ठेवावा, हे थोडक्यात सांगतो.

पहिलं, माइकचा गेन आधी पक्का करा. गेन हा पाटाच्या उगमाशी असतो. तो नंतर हलवला, तर मुख्य बस, मॉनिटर, रेकॉर्डिंग असं सगळंच एकदम हलतं. सभागृहात आवाज कमी वाटला म्हणून ऐन गाण्यात गेन वाढवला, तर गायिकेच्या मॉनिटरमधून शिटी येऊ शकते.

दुसरं, प्रत्येक बसला नाव द्या : ‘गायिका’, ‘तबला’, ‘लूप’. यंत्रावर तशी सोय असतेच. ‘बस ३’ हे नाव घाईच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

तिसरं, मागची जोडणी तपासा. जुन्या मिक्सरवर प्रत्येक बसचं भोक ठरलेलं असे. डिजिटल मिक्सरवर मागच्या कोणत्या भोकातून कोणती बस बाहेर पडावी, हे पडद्यावर ठरवावं लागतं. म्हणून एका माइकवर कुणाला तरी बोलायला बसवा, एकेक बस उघडा आणि त्या स्पीकरपाशी स्वतः जाऊन ऐका. पडद्यावरची हिरवी पट्टी नाचली, म्हणजे आवाज पोहोचला असं समजू नका.

चौथं, मॉनिटरमध्ये मागितलं तेवढंच द्या. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली, की शिटी येण्याआधी जी मोकळी जागा असते, ती साधारण तीन डेसिबलनं कमी होते. म्हणून ‘मला सगळंच थोडं थोडं द्या’ असं कलाकारानं म्हटलं, तर आधी स्वतःचा सूर आणि तानपुरा देऊन पाहावं. पुष्कळदा तेवढ्यानंच काम भागतं.

पाचवं, ‘सेंड्स ऑन फेडर’ या सोयीपासून जपून. हे बटण दाबलं, की सगळे फेडर सरकतात आणि निवडलेल्या बसचे सेंड दाखवू लागतात. मॉनिटर लावायला ही उत्तम सोय आहे. पण ती बंद करायचं राहिलं, तर आपण सभागृहासाठी फेडर ढकलतो आणि प्रत्यक्षात तबलावादकाचा मॉनिटर वाढतो. काम झालं की लगेच बटण बंद, ही सवयच लावून घ्यावी.

आणि सहावं, सगळं मनासारखं लागलं, की ते यंत्रात जतन करा. पुढच्या वेळी त्याच सभागृहात त्याच मांडणीचा कार्यक्रम असेल, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात नको.

श्रोतेहो, यंत्रं बदलत राहतील, बसची संख्या वाढत राहील. पण प्रत्येक नव्या यंत्रापुढे बसल्यावर विचारायचे प्रश्न हेच राहणार आहेत : ऐकणारे कोण आहेत? त्यांतल्या कुणी माझ्या फेडरचं ऐकायचं आणि कुणी नाही? आणि कुणाचं ताट अजून वाढलेलंच नाही? पुढच्या कार्यक्रमाला गेलात, तर शेवटच्या रांगेत कानामागे हात धरून बसलेले एखादे आजोबा दिसतात का, ते जरूर पाहा. दिसले, तर मध्यंतरात त्या टेबलामागच्या माणसाला एवढंच विचारा, की इथे लूपची सोय आहे का. असं विचारणारे चार जण भेटले, तर सभागृहंही विचार करू लागतील.